जुन्या वाहनांतील अधूनमधून उद्भवणारे चार्जिंगचे दोष व त्यांचे निदान

इंजिन चालू असताना बॅटरीकडे जाणारा विद्युत् प्रवाह कधी नीट वाहतो, कधी अपुरा पडतो किंवा पार तुटतो, आणि तपासायला बॉनेट उघडावे तर सारे ठीक दिसते, अशा बिघाडाला अधूनमधून उद्भवणारा चार्जिंगचा दोष म्हणतात. कायमचा बिघाड कोणत्याही वेळी मोजता येतो. येथे मात्र मोजमापाच्या क्षणी दोष हजर असावा लागतो, आणि निदानातील खरी अडचण हीच आहे. दोषाचे कारण नीट न मोजता सुटे भाग बदलत जाणे ही या बाबतीतली सर्वांत सामान्य चूक होय. भाग बदलताना आजूबाजूच्या वायरी हलतात, गंजलेला सांधा थोडा घासला जातो, चार्जिंग काही दिवस सुरळीत चालते आणि श्रेय नव्या भागाला मिळते.

जुन्या वाहनांत दोन प्रकारची जनित्रे आढळतात. १९१२ साली कॅडिलॅक मोटारींत विजेवर चालणारा स्टार्टर आला, तेव्हापासून बॅटरी व ती भरणारे जनित्र ही जोडी मोटारींत रूढ होत गेली, आणि १९६० च्या दशकापर्यंत बहुतेक मोटारींत हे काम डायनॅमो करीत असे. त्यानंतर अल्टरनेटरने त्याची जागा घेतली. डायनॅमोत सगळा प्रवाह आर्मेचरवरून, म्हणजे फिरत्या वेटोळ्यांवरून, त्याला टेकलेल्या कार्बनच्या ठोकळ्यांमार्गे बाहेर येतो आणि इंजिन संथ असताना त्याचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी पडते; त्यामुळे बॅटरीतून उलटा प्रवाह वाहू नये म्हणून कटआउट, म्हणजे जोडणी आपोआप तोडणारा स्विच, बसवलेला असतो. अशा गाडीत इंजिन मंदगतीवर असताना चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर तो दोष समजू नये. अल्टरनेटरमध्ये कार्बनमधून फक्त रोटरला, म्हणजे आतल्या फिरत्या विद्युत्-चुंबकाला, लागणारा काही अँपिअरचा प्रवाह जातो. मुख्य प्रवाह स्थिर वेटोळ्यांतून निघून सहा डायोडांतून, म्हणजे प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागांतून, एकदिश होतो. बऱ्याच रचनांमध्ये रोटरला प्रवाह पुरवण्यासाठी आणखी तीन छोटे डायोड असतात. गाडीत यांपैकी कोणते जनित्र आहे, व्यवस्था ६ व्होल्टची आहे की १२ ची आणि बॉडीला बॅटरीचे ऋण टोक जोडले आहे की धन, हे मीटर लावण्यापूर्वी पाहून घ्यावे लागते, कारण कित्येक जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॉडीला धन टोक जोडलेले असते.

१२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी गाडी काही तास उभी राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे ती जवळपास निम्मी उतरलेली असते. इंजिन चालू करून वेग थोडा वाढवला की बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळाले पाहिजेत. इंजिन चालू असूनही आकडा १२.६ च्या आसपास किंवा त्याखाली रेंगाळत असेल तर त्या क्षणी चार्जिंग होत नाही, एवढे निश्चित. मात्र सकाळी बॅटरी उतरलेली सापडली म्हणजे चार्जिंगच बिघडले, असे मानणे बरोबर नाही. गाडी बंद असताना ५० मिलिअँपिअरची गळती चालू राहिली तर दिवसाला १.२ अँपिअर-तास खर्च होतात, आणि आठवडाभर उभ्या असलेल्या गाडीत एवढ्याने थकलेली बॅटरी सहज उतरते. म्हणून बॅटरी आधी पूर्ण भरून तिची भाराखालील, म्हणजे तिच्यातून मोठा प्रवाह घेत असतानाची, चाचणी घ्यावी, नंतर गाडी बंद असतानाची गळती मोजावी आणि मगच चार्जिंगकडे वळावे.

दोष अधूनमधून येणारा असेल तर संशय पहिल्यांदा सांध्यांवर घ्यावा : बॅटरीचे टर्मिनल, इंजिन व बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी, वायरींच्या टोकांवरची धातूची थिंबले, फ्यूजचे चिमटे, इग्निशन स्विचचे झिजलेले संपर्क, आणि ज्या गाडीत अँमीटर (प्रवाह दाखवणारा मीटर) आहे तिथे त्याच्या मागचे दोन नट. जुन्या रचनेत गाडीचा जवळपास सगळा चार्जिंग प्रवाह या अँमीटरमधून जातो आणि डॅशबोर्डमागचा सैल नट वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. अशा सांध्याचा रोध किती कमी असला तरी तो पुरे होतो. हेडलाइट व पंखा चालू असताना ३० अँपिअर वाहत असतील आणि सांध्यात ०.०५ ओहमचा रोध असेल तर तिथेच १.५ व्होल्ट खर्ची पडतात, अल्टरनेटरपाशी १४.२ असलेले व्होल्टेज बॅटरीपाशी १२.७ उरते आणि बॅटरी भरतच नाही. हेडलाइट बंद केले की प्रवाह घटतो, त्याबरोबर तूटही घटते, आणि दिवसा तपासणाऱ्याला सर्व ठीक दिसते. ‘फक्त रात्रीच बॅटरी उतरते’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढेच गणित असते.

ओहममीटर अशा ठिकाणी फसवतो. थिंबलाजवळ वायरचे प्लॅस्टिक अगदी शाबूत दिसते, पण बोटांनी दाबले तर आत भुरभुरीत लागते. प्लॅस्टिक थोडे सोलले की चकचकीत तांब्याऐवजी हिरवट-काळी पूड निघते आणि तीसपैकी चार-पाच तारा काय त्या जिवंत असतात. मीटर स्वतः अत्यल्प प्रवाह सोडतो, तो या चार-पाच तारांतून आरामात जातो आणि पडद्यावर शून्य ओहम उमटतो. म्हणून जोडणी तपासताना भाराखाली व्होल्टेजची तूट मोजणे हीच भरवशाची पद्धत आहे. इंजिन मिनिटाला सुमारे २,००० फेऱ्यांवर ठेवून हेडलाइट व पंखा चालू करावेत. बॉडीला ऋण टोक असलेल्या गाडीत मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य बोल्टवर आणि दुसरे बॅटरीच्या धन खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर न लावता थेट शिशावर, धरावे. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंतची तूट चालते. मग अल्टरनेटरचे कवच व बॅटरीचा ऋण खांब यांमध्ये तेच मोजावे, तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त काही मिळू नये. आकडा मोठा आला तर एकेका सांध्याच्या अलीकडे-पलीकडे टोके ठेवत पुढे सरकावे, आणि ज्या सांध्यावर सगळी तूट एकवटलेली दिसते तोच दोषी.

कार्बनची झीज हे दुसरे मोठे कारण. अल्टरनेटरचे कार्बन स्प्रिंगच्या दाबाने स्लिप रिंगवर, म्हणजे रोटरवरच्या गुळगुळीत कड्यांवर, टेकलेले असतात. ते साधारण ५ मिलिमीटरपर्यंत झिजले की स्प्रिंगचा जोर संपत येतो आणि खड्ड्यातून गाडी गेल्यावर संपर्क सुटतो. कधी उलटे होते, खड्ड्याच्या धक्क्यानेच अडकलेला कार्बन पुन्हा टेकतो आणि चार्जिंग सुरू होते. अल्टरनेटरवर हलकेच टकटक केल्यावर मीटरचा आकडा उडाला तर कार्बन उघडून पाहावेत. कार्बन ज्यात सरकतात त्या घरात त्यांची पूड व तेलाचा चिकटा साचून ते अडकलेले असतात, आणि अशा वेळी नवे कार्बन घालण्यापूर्वी ते घर साफ करणे आवश्यक ठरते.

चार्जिंगचा दिवा हा केवळ सूचनेसाठी असतो, असा समज सर्वत्र आहे. तो अपुरा आहे. पुष्कळ जुन्या अल्टरनेटरांत याच दिव्यातून जाणारा अल्प प्रवाह रोटरला सुरुवातीचे चुंबकत्व देतो. बल्ब गेला असेल किंवा त्याचा होल्डर सैल असेल तर रोटरात उरलेल्या क्षीण चुंबकत्वावरच काम भागवावे लागते, आणि मग एखाद्या सकाळी ॲक्सिलरेटर जोरात दाबेपर्यंत चार्जिंग सुरूच होत नाही, एकदा सुरू झाले की दिवसभर व्यवस्थित चालते. म्हणून इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवल्यावर दिवा लागतो की नाही हे रोज पाहण्यासारखे आहे. दिवा विझला म्हणजे बॅटरी भरत आहे, असेही नाही. अल्टरनेटर फिरवणारा पट्टा घसरत असल्याने तो १२.८ व्होल्टच देत असेल तरी दिवा विझलेलाच राहू शकतो. पट्ट्याची बाजू काचेसारखी चकचकीत झाली असेल, किंवा पावसात व हेडलाइट लावताना किंचाळल्यासारखा आवाज येत असेल, तर पट्टा घसरतो आहे असे समजावे.

डायोडचा बिघाड ओळखण्यासाठी मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनात बॅटरीच्या टोकांवर मोजतात. अर्ध्या व्होल्टच्या वरचा आकडा संशयास्पद असतो. नऊ डायोडांच्या रचनेत धन बाजूचा मुख्य डायोड शॉर्ट झाला तर गाडी बंद असतानाही रोटरमधून प्रवाह वाहत राहतो. सकाळी इंजिन थंडगार असताना अल्टरनेटरला हात लावावा आणि तो कोमट लागावा, इतकी ही खूण सरळ आहे. डायनॅमोच्या गाड्यांत रेग्युलेटरच्या, म्हणजे चार्जिंगचे व्होल्टेज नियंत्रित करणाऱ्या, पेटीचे अर्थिंग पाहण्यास विसरू नये : पेटीच्या स्क्रूखाली गंज धरला की आतल्या कॉइलला खरे व्होल्टेज कळत नाही आणि चार्जिंग कमी पडण्याऐवजी बॅटरी उकळू लागते.

काही दोष फक्त तापल्यावर येतात. तांब्याचा रोध प्रत्येक अंश सेल्सिअसला जवळपास ०.४ टक्के वाढतो, त्यामुळे ८० अंशांनी तापलेल्या वेटोळ्याचा रोध तीस टक्क्यांहून अधिक वाढलेला असतो. त्यातच तडा गेलेला डाख उष्णतेने फाकला तर रोटरचा प्रवाह तुटतो आणि गाडी गॅरेजमध्ये पोचून थंड होईपर्यंत पुन्हा जुळतो. अशा वेळी उष्ण हवेच्या यंत्राने एकेक भाग वेगवेगळा तापवून पाहणे उपयोगी पडते.

दोष मुद्देमालासह पकडायचा तर मीटर गाडीबरोबर प्रवासाला न्यावा. किमान व कमाल आकडा लक्षात ठेवणारा मल्टिमीटर बॅटरीला जोडून लांब वायरीने, फ्यूज घालून, चालकाशेजारी आणावा आणि आकडा पडला की काय चालू होते, इंजिन किती तापले होते, रस्ता कसा होता, पाऊस होता का, याची तिथल्या तिथे नोंद करावी. दोष हजर असताना गाडी उभी करता आली तर इंजिन बंद न करता आणि वायरींना हात न लावता पहिल्यांदा तूट मोजावी. वायरी हलवून पाहणे त्यानंतर, एका वेळी एकच वायर. चालू इंजिनात बॅटरीचे टर्मिनल काढून चार्जिंग तपासण्याची सवय अजून अनेकांना आहे. अल्टरनेटरच्या गाडीत ती घातकच : भार एकदम तुटल्याने व्होल्टेज उसळते आणि डायोड, रेग्युलेटर व गाडीतील इतर इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

दुरुस्तीनंतरची तपासणीही त्याच परिस्थितीत करावी लागते. दोष रात्री, पावसात, अर्धा तास चालल्यावर येत होता, तर गाडी रात्री पावसात अर्धा तास चालवून, सगळे दिवे लावून, त्याच सांध्यावरची तूट पुन्हा मोजावी, आणि दुरुस्तीपूर्वीचा आकडा कागदावर लिहिलेला असला तरच या नव्या आकड्याला अर्थ येतो.