ऑडिशनमध्ये ओळी का विसरतात?

एखाद्याला प्रयोगशाळेत हमखास ताण द्यायचा असेल तर काय करावं? जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९३ मध्ये यावर एक पद्धत मांडली. स्वयंसेवकाला एका खोलीत न्यायचं. समोर टेबलामागे अनोळखी परीक्षक, शिवाय माइक आणि कॅमेरा. थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायला लावायचं: ही नोकरी मलाच का मिळावी? त्यानंतर पाच मिनिटं तोंडी वजाबाक्या. परीक्षकांनी हसायचं नाही, मान डोलवायची नाही. ताणाचा अभ्यास करणारे आजही जगभर हीच पद्धत वापरतात. खुल्या ऑडिशनला जाऊन आलेल्या कुणालाही तिच्यात नवीन काही वाटणार नाही!

या प्रसंगात शरीरात दोन गोष्टी वेगवेगळ्या वेगाने घडतात. ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाच्या वेळी शरीरात स्रवणारी संप्रेरकं. ॲड्रेनलिन काही सेकंदांत कामाला लागतं. छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. हे जाणवतं, म्हणून आपण त्यालाच घाबरतो. कॉर्टिसॉल मात्र सावकाश येतं. ताण सुरू झाल्यावर साधारण वीस-तीस मिनिटांनी रक्तातली त्याची पातळी शिगेला पोचते. झुरिचमधल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं की आदल्या दिवशी शब्द पाठ केलेल्यांना चाचणीच्या तासभर आधी कॉर्टिसोनची (शरीरात त्याचं कॉर्टिसॉलच होतं) गोळी दिली, तर त्यांना ते शब्द कमी आठवतात. शब्द डोक्यात असतात, पण वेळेवर वर येत नाहीत.

आता खुल्या ऑडिशनची रांग डोळ्यांसमोर आणा. आत मिळणार एक मिनिट, पण बाहेर थांबायचं दोन-तीन तास. पुढचे लोक आत जाताहेत, पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येताहेत. आपला नंबर यायच्या अर्धा तास आधी पोटात गोळा आला, तर नाव पुकारलं जाईल तेव्हा कॉर्टिसॉल नेमकं भरात असेल. म्हणून माझ्या मते तयारी करायची ती या रांगेचीसुद्धा. इतरांच्या तालमी ऐकत बसू नये, आणि शेवटच्या क्षणी हातवारे बदलू नयेत. हातात बसलेल्या कौशल्याकडे मुद्दाम लक्ष द्यायला गेलं की ते अडखळतं, हे खेळाडूंवरच्या प्रयोगांत वारंवार दिसलं आहे.

पण खरा इलाज पाठांतराच्या पद्धतीत आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठात एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी १२० जणांना शब्द आणि चित्रं लक्षात ठेवायला दिली. निम्म्यांनी ती पुन्हा पुन्हा पाहिली. उरलेल्यांनी एकदा पाहून, पुढे न बघता आठवायचा सराव केला. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांतल्या निम्म्या लोकांना परीक्षकांसमोर भाषण आणि गणितं करायला लावली. ताणाखाली पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांची स्मृती घसरली, आठवण्याचा सराव केलेल्यांची घसरली नाही. इतकंच नव्हे, ताण असलेले ‘आठवणारे’ ताण नसलेल्या ‘पाहणाऱ्यां’पेक्षाही पुढे राहिले. हा निष्कर्ष २०१६ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात छापून आला.

तरी आपण संहिता वाचतच बसतो, कारण वाचताना सगळं येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा पुन्हा वाचणारेच पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं. म्हणजे चुकीची पद्धत त्याच संध्याकाळी शाबासकी देते आणि नंतर दगा देते.

तेव्हा कागद पालथा घालायचा. अडलं तरी लगेच डोकवायचं नाही, जरा झगडायचं. आठवण्याची ही खटपटच वाट पक्की करते. मग तपासायचं, सोडून द्यायचं, दुसऱ्या दिवशी परत. एकाच रात्री वीस वेळा म्हणण्यापेक्षा चार-पाच दिवसांत विखुरलेली तालीम टिकते, मधली झोपही स्मृती घट्ट करते. जागाही बदलत राहा: जिन्यात, गच्चीवर, अनोळखी खोलीत. एकच यादी दोन वेगळ्या खोल्यांत शिकलेल्यांना तिसऱ्या जागी ती जास्त आठवते, असं १९७८ च्या एका प्रयोगात आढळलं होतं.

धडधडीचं काय? ‘शांत हो’ असं सांगितल्याने शांत झालेला माणूस तुम्ही पाहिलाय? हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी गाण्याआधी काहींना ‘मी उत्साहात आहे’ असं मोठ्याने म्हणायला लावलं, तर काहींना ‘मी घाबरलोय’ असं. सूर-तालाची अचूकता यंत्राने मोजली, तेव्हा उत्साहवाले सरस ठरले. भीती आणि उत्साह, दोन्हींत नाडी जोरातच चालते. ती मंद करण्यापेक्षा तिचा अर्थ बदलणं सोपं.

एक शक्यता मात्र अनेकजण धरत नाहीत. परीक्षक मध्येच थांबवून म्हणतात, “आता हेच चिडून नको, थट्टेत म्हणा.” शब्द आणि त्यांची चाल एकत्रच पाठ झाली असेल, तर चाल बदलताच शब्दही निसटतात. म्हणून सुरुवातीचे दिवस ओळी अगदी सपाट, भावनेशिवाय पाठ कराव्यात, मग रागात, लाडात, घाईत म्हणून बघाव्यात. आणि मधल्याच कुठल्यातरी वाक्यापासून सुरू करायची सवय ठेवावी, कारण थांबवल्यावर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात करू देतीलच असं नाही.