आफ्रिकेतील पक्षाघात : रक्तदाब आला कुठून?

केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी काम करणारे डॉक्टर सी. पी. डॉनिसन यांनी 1929 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले की, दोन वर्षांत दाखल झालेल्या सुमारे 1,800 रुग्णांत उच्च रक्तदाबाचा एकही सापडला नाही. गावकऱ्यांचा दाब चाळिशीनंतर वाढायच्या ऐवजी उतरत होता.

त्याच पश्चिम केनियातले लुओ लोक पुढे कामासाठी नैरोबीला जाऊ लागले. नील पोल्टर आणि सहकाऱ्यांनी 1990 साली छापलेल्या अभ्यासात, शहरात आल्यावर काही महिन्यांतच त्यांचा दाब गावी राहिलेल्यांपेक्षा चढलेला दिसला. लघवीत पोटॅशियमच्या मानाने सोडियम वाढले होते, म्हणजे जेवणातले मीठ वाढले होते. वंश तोच, राहणीमान बदललेले. रक्तदाबाचे खापर नुसते वंशावर फोडणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर पाहावा. टांझानियात 2003 ते 2006 दरम्यान झालेल्या पक्षाघाताच्या मोजणीतही शहर-गाव फरक ठळक होता. वयाचा फरक वगळून वर्षाला लाखामागे ग्रामीण हाई भागात सुमारे 109 नवे झटके, तर दार-एस-सलाममध्ये 316.

कारणांचा सर्वांत मोठा पुरावा 2018 साली नायजेरिया-घानातल्या 'सायरन' अभ्यासाने दिला. पक्षाघाताच्या 2,118 रुग्णांची पक्षाघात न झालेल्या तितक्याच लोकांशी तुलना केली, तेव्हा सुमारे 91 टक्के वाटा उच्च रक्तदाबाचा निघाला. त्याखालोखाल रक्तातली चरबी, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, पानात वरून मीठ घेणे, पालेभाज्या कमी खाणे. (एकाच माणसात अनेक कारणे असतात, म्हणून या टक्केवाऱ्यांची बेरीज करू नये.) रुग्णांचे सरासरी वय 59 होते, म्हणजे बरेचसे कमावते. जवळपास तिसऱ्या हिश्शाला रक्ताची गुठळी नव्हे, तर मेंदूत रक्तस्राव झाला होता. श्रीमंत देशांत हे प्रमाण बरेच कमी असते. वर्षानुवर्षे उपचाराविना राहिलेला दाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत करतो आणि त्या फुटतात. गुठळी की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय खात्रीने कळत नाही. गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि रक्तस्रावात तेच जीवघेणे ठरते. जिथे स्कॅन दूरच्या शहरात, तिथे ही वेळ वाटेतच सरते.

रक्तदाबासाठी गोळ्या कोणत्या द्याव्यात, याचे उत्तर 2019 मध्ये सहा देशांतल्या 728 कृष्णवर्णीय रुग्णांवर झालेल्या 'क्रिओल' चाचणीत मिळाले. ॲम्लोडिपिनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा पेरिंडोप्रिल दिले, तर पेरिंडोप्रिल-हायड्रोक्लोरोथायझाइड जोडीपेक्षा दाब सुमारे 3 अंक जास्त उतरला. दक्षिण आफ्रिकेने तर 2016 पासून पावासारख्या पदार्थांतल्या सोडियमवर कायद्याने मर्यादा घातली आहे.