सातबाऱ्यावरचे अभयारण्य

माळढोक हा जंगलातला पक्षी नाही. ज्वारी-करडईची कोरडवाहू राने, त्यांच्यामधले पडीक तुकडे, कुसळी आणि पवन्या गवताचा माळ, एवढ्यावर त्याचे भागते. मादी एका विणीला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे सोलापूर-नगर भागात त्याचे घर बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर होते. खासगी जमिनीवरच्या अधिवासासाठी सरकारने पैसा कसा खर्चावा, या आजच्या वादाची मुळे तिथेच सापडतात.

संस्थानी शिकारी आणि इंग्रजी वनकायदे यांचा काळ इथे ओलांडून जायला हरकत नाही. माळावर विकण्याजोगे लाकूड नव्हते, त्यामुळे जंगल म्हणून त्याची किंमतही नव्हती. १९७२च्या दुष्काळानंतर चित्र पालटले. अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाच्या पैशातून सोलापूरजवळच्या नान्नज गावच्या माळावर प्लॉट पाडून चराई बंद केली गेली. गवत वर आले आणि पक्षीही दिसू लागले. हा पैसा दुष्काळ निवारणाचा होता, माळढोकासाठी कुणी मागितलेला नव्हता. शिवाय तो सरकारी जमिनीवर खर्च झाला.

मग १९७९ साली अभयारण्याची अधिसूचना निघाली. क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात दोन गोवे मावून वर जागा उरली असती. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर सोलापूर, कर्जत, श्रीगोंदा, नेवासा या तालुक्यांतली गावे, बाजारपेठा, रस्ते आणि हजारो शेतकऱ्यांच्या जमिनी एका ओळीत अभयारण्यात गेल्या. अभय आणि अरण्य यांचा हा जोडशब्द ज्वारीच्या रानावर बसला, आणि जमीन आता वनखात्याची झाली असाच अर्थ गावोगाव घेतला गेला. मालकी कायम होती, हे खरे. पण १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अधिसूचनेनंतर त्या हद्दीतल्या जमिनीवर वारसाहक्काखेरीज नवा हक्क निर्माण होऊ शकत नाही. खरेदीखत अडले, बिगरशेती परवानगी अडली. त्यामुळे मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला दोन एकर विकायचे म्हटले, तरी आडवा यायचा तो माळढोक.

याच कायद्यात जिल्हाधिकाऱ्याने हद्दीतल्या हक्कांची चौकशी करावी, दावे ऐकावेत, गरज असेल तिथे जमीन संपादित करून मोबदला द्यावा, अशी तरतूद आहे. एवढ्या विस्तारात संपादन कुणालाही शक्य नव्हते आणि पक्ष्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेही नव्हते. त्याला माणूस उठवून मोकळे केलेले रान नको होते, ज्वारी पेरणारा शेतकरी हवा होता. जमीन मालकाकडेच ठेवायची, पण कोरडवाहू पिके आणि पडीक तुकडे राखल्याबद्दल त्याला दरवर्षी ठरावीक रक्कम द्यायची, हा तिसरा मार्ग तेव्हाच आखायला हवा होता. तो आखला गेला नाही. बंधन शेतकऱ्याच्या वाट्याला आले आणि निधी सरकारी जमिनीवरच राहिला. माझ्या मते पुढची सगळी कटुता या एका निर्णयातून आली.

मध्य प्रदेशातही हेच घडले. शिवपुरी जिल्ह्यातल्या करेऱ्याला १९८१मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झाले. तिथेही खासगी जमिनी अडकल्या आणि लोक पक्ष्यावर चिडले. १९९०च्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला, तरी जमिनींवरची बंधने पुढे कित्येक वर्षे तशीच राहिली.

सोलापुरात तोवर उजनीचे पाणी आले होते. जिथे पाणी पोचले तिथे ज्वारी मागे पडली आणि ऊस पुढे सरकला. शेतकऱ्याला यात दोष देता येत नाही, कारण ज्वारीचे रान राखण्यासाठी त्याच्या हातावर कुणी काही ठेवत नव्हते. दुसरीकडे 'पडीक जमीन विकास' या नावाखाली माळावर झाडे लावायला मात्र पैसा येत राहिला. नान्नजच्या गवतातही गिरिपुष्पाची लागवड झाली. उघड्या माळावर लांबपर्यंत नजर ठेवून जगणाऱ्या पक्ष्याला ही झाडी अडचणीचीच.

क्षेत्र आटोपशीर करण्याची मागणी जुनीच होती. पण २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या परवानगीशिवाय कोणतेही अभयारण्य वगळण्यास मनाई केली आणि प्रकरण लांबले. समित्या झाल्या, नकाशे पुन्हा आखले गेले आणि २०१०च्या दशकाच्या सुरुवातीला क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आले. वगळलेल्या गावांनी सुटकेचा श्वास घेतला. मात्र त्या जमिनींवर उरलेल्या अधिवासासाठी स्वेच्छेची, मोबदल्याची योजना याही वेळी आली नाही.

दरम्यान कायदा थोडा पुढे सरकला होता. २००२च्या दुरुस्तीने संरक्षित क्षेत्राचे दोन नवे प्रकार आणले. त्यांतले संवर्धन राखीव सरकारी जमिनीसाठी आहे आणि सामुदायिक राखीव गावाच्या किंवा खासगी जमिनीसाठी. दोन्ही नावे इतकी जवळची की बातम्यांत हमखास गल्लत होते. २००८-०९पासून वन्यजीव अधिवास विकासाच्या केंद्रीय योजनेत सामुदायिक राखिवांनाही निधी मिळण्याची सोय झाली. संरक्षित क्षेत्राबाहेरच्या वन्यजीवांसाठी वेगळा घटक ठेवला गेला आणि माळढोक तर संकटग्रस्त प्रजातींच्या पुनरुज्जीवन यादीतच आहे. कागदावर सगळे जुळून आले होते.

थेट शेतकऱ्याला पैसे देण्याचे प्रयोग शेजारच्या राज्यांत झाले. मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेल्लूरमध्ये खासगी चिंचांवर चित्रबलाक आणि झोळीवाले हे पक्षी घरटी करतात. बुडालेल्या चिंचेच्या उत्पन्नापोटी तिथे मालकांना भरपाई दिली गेली. रतलामजवळच्या सैलान्यात शेतात खरमोर हा गवताळ रानातला पक्षी राखणाऱ्याला बक्षीस ठेवले गेले. रकमा मोठ्या नव्हत्या, पण पक्षी शेतात उतरला म्हणजे संकट आले, ही भावना त्यामुळे सैल झाली. आपल्याकडे हरणांनी पीक खाल्ले तर भरपाईचा अर्ज करता येतो. हरणांसाठी माळ राखला तर कुठे अर्ज करायचा, हे सांगणारी खिडकी नाही.

सामुदायिक राखिवाचा पर्याय सोलापूरच्या शेतकऱ्याने का उचलला नाही, याचे उत्तर त्या तरतुदीतच आहे. एकदा राखीव जाहीर झाले की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य सरकारची मंजुरी असल्याशिवाय जमिनीचा वापर बदलता येत नाही. मालकाला दरवर्षी किती पैसे मिळतील, याबद्दल मात्र कायद्यात एक ओळही नाही. १९७९चा अनुभव घेतलेल्या गावांत त्यावर सही कोण करणार? अलीकडच्या गणनांमध्ये नान्नज परिसरात माळढोक दिसलाच तर एखादा-दुसरा दिसतो.