औषधाचे पेटंट आणि व्यापाराची भीती

नव्या औषधाची गोळी महाग असते ती बहुधा आतल्या रसायनामुळे नव्हे, मक्तेदारीमुळे. जागतिक व्यापार संघटनेच्या 1995 पासून लागू झालेल्या ‘ट्रिप्स’ या बौद्धिक संपदेविषयीच्या करारानुसार पेटंटची मुदत अर्जापासून किमान 20 वर्षे. पण त्याच करारात सक्तीच्या परवान्याची सोयही आहे: पेटंटधारकाची संमती नसली तरी त्याला मोबदला देऊन सरकार दुसऱ्याकडून औषध बनवून घेऊ शकते. असा परवाना कोणत्या कारणासाठी द्यायचा, हे ज्या त्या देशाने ठरवावे, असे 2001 च्या दोहा जाहीरनाम्याने स्पष्टच सांगितले.

थायलंडने ही सोय वापरून पाहिली. एचआयव्हीवरच्या एफाविरेन्झसाठी नोव्हेंबर 2006 मध्ये, लोपिनाविर-रिटोनाविरसाठी जानेवारी 2007 मध्ये. या दुसऱ्या औषधाच्या जुन्या कॅप्सूल फ्रिजमध्ये ठेवाव्या लागत. ते बनवणाऱ्या अ‍ॅबट कंपनीने उष्णता सोसणारी नवी गोळी काढली होती. परवान्याची बातमी येताच कंपनीने थायलंडमधला या गोळीच्या विक्री-नोंदणीचा अर्ज मागे घेतला, सोबत इतर काही नव्या औषधांचेही. उष्ण देशालाच नेमकी ती गोळी नाकारली गेली! टीका झाल्यावर कंपनी थोडी नरमली. त्याच वर्षी अमेरिकेने थायलंडला ‘प्रायॉरिटी वॉच लिस्ट’मध्ये, म्हणजे बौद्धिक संपदेचे पुरेसे रक्षण न करणाऱ्या देशांवर व्यापारी दबाव आणणाऱ्या यादीत टाकले. परवाना देण्याचा हक्क अमेरिकेनेही नाकारला नव्हता. तक्रार पारदर्शकतेची होती. पण निर्यातीवर पोट असलेल्या देशाला या यादीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. शेजारीही धडा घेतात.

माझ्या मते याहून चिवट अडसर आहे तो चाचण्यांच्या माहितीवरील मक्तेदारीचा, आणि त्याची चर्चा फारच कमी होते. जेनेरिक, म्हणजे मूळ औषधाचीच दुसरी आवृत्ती बनवणारी, कंपनी हजारो रुग्णांवरच्या चाचण्या पुन्हा करत नाही. थोड्या निरोगी स्वयंसेवकांना दोन्ही गोळ्या देऊन रक्तात औषध सारख्याच वेगाने आणि सारख्याच प्रमाणात पोहोचते का, एवढेच ती दाखवते. सुरक्षितता आणि गुण यांचा पुरावा मूळ कंपनीचाच धरला जातो. हा पुरावा अमुक वर्षे आधार म्हणून वापरायचा नाही, असे कलम अमेरिकेने अनेक द्विपक्षीय करारांत घातले. 2000 सालच्या जॉर्डनबरोबरच्या करारातही ते आहे. मग पेटंट नसले किंवा सक्तीचा परवाना मिळाला, तरी कायद्यात वेगळा अपवाद नसेल तर जेनेरिकची नोंदणी अडते. चाचण्या नव्याने करायच्या, तर ज्याचा गुण सिद्ध झालाय ते औषध निम्म्या रुग्णांना मुद्दाम नाकारावे लागेल. अशा प्रयोगाला कोणती नीती समिती मान्यता देईल?