शालेय पोषण आहार (नाशिक जिल्हा)

सरकारी व अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना मधल्या सुट्टीत मिळणारे शिजवलेले जेवण. २०२१ पासून योजनेचे नाव ‘प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण’ झाले. पोरांच्या तोंडी ती ‘खिचडी’च राहिली.

शाळेत जेवू घालण्याची वाट तमिळनाडूने दाखवली: मुख्यमंत्री कामराज यांनी १९५६ मध्ये, पुढे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ पासूनची. महाराष्ट्रात सुरुवातीला ८० टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी दिला जाई. पिशवी घरी पोचली की तो तांदूळ त्या एकट्या पोराचा कसा राहणार? २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलेच अन्न द्या असा आदेश दिला, तेव्हा कुठे चूल शाळेत आली.

आज पाचवीपर्यंत १०० ग्रॅम तांदूळ, ४५० कॅलरी व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीला १५० ग्रॅम, ७०० कॅलरी व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. तांदूळ केंद्राचा. डाळ, तेल, भाजी, इंधन यांसाठी मे २०२५ पासून दर मुलामागे दिवसाला पाचवीपर्यंत ६ रुपये ७८ पैसे आणि सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे मिळतात. एवढ्यात भाजी किती पडणार, हे बाजारात जाणाऱ्याला सांगायला नको.

खरा वाद पानात काय वाढायचे याचा. सुरगाणा, पेठ या तालुक्यांच्या डोंगरउतारांवर नागली, म्हणजे नाचणी, पिकते, पण शाळेत वर्षानुवर्षे भातच शिजला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडे, न खाणाऱ्यांना केळी किंवा दुसरे फळ देण्याचे ठरवले. २०२४ च्या नव्या पाककृतींत नाचणी सत्वही आले. जानेवारी २०२५ मध्ये अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक झाले; त्यांचा खर्च लोकसहभागातून उभा करायचा. अंड्याची सर्वाधिक गरज ज्या पाड्यांवर, तिथेच वर्गणी निघणे सर्वांत अवघड.

निवासी आश्रमशाळांचे जेवण या योजनेत मोडत नाही. ते आदिवासी विकास विभागाकडे असते, ज्याचे आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. इगतपुरी तालुक्यातील मुंढेगाव येथे या विभागाने टाटा ट्रस्टच्या साहाय्याने मध्यवर्ती स्वयंपाकगृह उभारले. तिथे शिजलेले अन्न गाड्यांतून आश्रमशाळांत पोचवण्याची ही पद्धत आहे.