कार्ड तापलंय की उपाशी आहे?

मे महिना लागला की सोलापुरात मला हमखास एक फोन येतो. ‘दादा, गेम लावला की स्क्रीन काळी होते. एरवी सगळं बरोबर चालतंय. ग्राफिक्स कार्ड गेलं का?’ दुकानात विचारलं तर उत्तर तयार असतं: कार्ड बदला. माझ्या पाहण्यात मात्र कार्ड खरोखर मेलेलं क्वचितच निघतं. बहुतेक वेळा ते एकतर तापलेलं असतं, नाहीतर उपाशी; म्हणजे एसएमपीएस (कॉम्प्युटरच्या भागांना वीज पुरवणारा डबा) त्याला पुरेशी वीज देत नसतो. दोन्हींचं सोंग इतकं सारखं की मीही फसलोय.

सारखं का, तर गेम नसताना, नुसत्या डेस्कटॉपच्या स्क्रीनवर कार्ड जेमतेम दहा-वीस वॅट ओढतं. गेम सुरू झाला की जीटीएक्स १६६० सुपरसारखं साधं कार्ड १२५ वॅटपर्यंत जातं, आरटीएक्स ३०६० असेल तर १७० पर्यंत. उष्णता आणि विजेची भूक एकदमच वाढते. म्हणून दोन्ही दुखणी गेममध्येच डोकं वर काढतात आणि ‘एरवी बरोबर चालतंय’ यावरून काहीच ठरत नाही.

फरक कळतो तो वेळेवरून. उष्णता सांगून येते. पहिली दहा मिनिटं गेम मस्त, मग पंखे घोंघावू लागतात, मग एफपीएस, म्हणजे सेकंदाला दिसणारी चित्रं, उतरतात. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास आपला वेग आपणच कमी करतात. त्यानंही भागलं नाही तर स्क्रीन काळी होते, पण कॅबिनेटमधले दिवे चालू राहतात, कधी गेमचा आवाजही येत राहतो. आधी धाप, मग मूर्च्छा.

उपाशी कार्डाला धाप लागत नाही. तापमान ६५, एफपीएस स्थिर, आणि गेममध्ये मोठा स्फोट झाला की अख्खं मशीन फटकन बंद. भार एकदम वाढला की कार्डाची मागणी काही मिलिसेकंद सरासरीच्या बरीच वर उसळते, आणि एसएमपीएसमधलं संरक्षण पुरवठाच तोडून टाकतं. कधी मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. कधी मागचं बटण बंद करून पुन्हा लावल्याशिवाय चालूच होत नाही. असं दिसलं की मी कार्डाकडे बघतसुद्धा नाही.

आता सगळ्यात मोठा फसवा उपाय. गेमची सेटिंग ‘लो’ केली, बंद पडणं थांबलं, म्हणजे कार्ड तापत होतं, असं लोक धरून चालतात. अहो, सेटिंग उतरवली की उष्णताही कमी होते आणि भूकही. दोघांनाही आराम मिळाला, मग चोर कोण ते कसं कळणार? त्यापेक्षा एकालाच हात लावा. कॅबिनेटचं झाकण काढा, टेबल फॅन आत तोंड करून ठेवा, आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचे पंखे १०० टक्क्यांवर न्या आणि सेटिंग आहे तशीच ठेवा. तक्रार गेली तर उष्णता. तरीही तसंच बंद पडलं तर एसएमपीएस. सकाळी थंड मशीनवर गेम लावून दोन मिनिटांत बंद पडलं, तर झाकण काढायचीही गरज नाही, तापायला वेळच मिळालेला नसतो.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे बिघाडांच्या नोंदवहीत, ४१ नंबरची ‘कर्नल-पॉवर’ नोंद दिसते. त्यातला ‘पॉवर’ शब्द वाचून नवा एसएमपीएस आणणारे मी पाहिलेत. ती नोंद फक्त इतकंच सांगते की मशीन नीट शटडाउन न होता गेलं. ड्रायव्हरचा, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, घोळ तिसराच. नुकताच अपडेट केला असेल तर आधी जुना टाकून बघा, फुकटचं काम आहे.

आपल्याकडे तापण्याला एक खास कारण आहे. अशोक चौकाजवळ राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या घरी खाली यंत्रमाग चालतात, वर त्याची खोली. त्याचं कार्ड उघडलं तर पंख्यांखाली हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या, पात्यांवर सुताचा तूस असा बसलेला की नखानं उचलला तर चादरीच्या तुकड्यासारखा अख्खा निघाला. हवा जाणार कुठून? त्यात गड्ड्याच्या, म्हणजे जानेवारीतल्या जत्रेच्या, थंडीत खोली २५ अंशांवर असते, मेमध्ये ४० वर. कार्डाचा पारा त्याच हिशोबानं चढतो. साफ करताना मऊ ब्रश वापरा आणि ब्लोअर मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा मारू नका, त्यात पाणी असतं.

तूस काढल्यावर त्याचं कार्ड ८८ वरून ७४ वर आलं. मी चहा पिऊन घरी आलो. रात्री फोन: ‘दादा, परत बंद पडलं की!’ मग एसएमपीएसचं स्टिकर वाचलं. वर मोठ्या अक्षरांत ४५०, खाली बारीक अक्षरांत १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपिअर. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. कार्ड, प्रोसेसर, पंखे सगळे याच रांगेवर जेवणार. कार्डाला जाणारी वायर मोलेक्सच्या (जुन्या चार पिनांच्या) जोडणीतून काढलेली आणि तिची एक पिन तपकिरी पडलेली. मल्टिमीटर मात्र ११.९ व्होल्ट दाखवत होता, ११.४ च्या खाली गेलं तर दोष, म्हणजे हे पास! मिलिसेकंदांचा झोल मल्टिमीटरला दिसत नाही. (एसएमपीएस स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर झटका देतात.)

म्हणजे त्याच्याकडे दोन्ही होतं, आणि तापलेलं आधी सापडल्यामुळे उपाशी लपून राहिलं. नवा एसएमपीएस बसला, आठवडाभर गेम सुरळीत. मग एका संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसनं एकदा टूं केलं आणि सगळं बंद. यूपीएस ६०० व्हीएचा, वॅटमध्ये ३६०. त्यातल्या जुन्या बॅटरीला तेवढाही भार पेलवेना.

‘दादा, आता कार्ड गेलं का?’ त्यानं विचारलं.