थकलेले बिल आणि देणेकऱ्याचे घर

आमच्याकडे येणारे बहुतेक व्यावसायिक पहिलाच प्रश्न विचारतात, की बिल थकवणाऱ्याच्या घरावर लियन (थकलेल्या पैशांपोटी मालमत्तेवरचा हक्क) कसा टाकायचा. गावाकडे सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बँकेचा बोजा चढलेला पाहिल्यामुळे हे सोपे वाटते. मात्र इंग्लंड व वेल्समध्ये लियन हा मुख्यतः ताब्यातली वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क आहे. गॅरेजवाला दुरुस्तीचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेऊ शकतो, पण गाडी परत दिली की तो हक्क संपतो. दुसऱ्याच्या बाथरूममध्ये बसवलेल्या फरश्या अशा अडवता येत नाहीत.

घरावर बोजा हवा असेल तर आधी कोर्टाचा निकाल घ्यावा लागतो आणि मग १९७९ च्या चार्जिंग ऑर्डर्स कायद्याखाली चार्जिंग ऑर्डरसाठी, म्हणजे देण्यापोटी घरावर बोजा चढवणाऱ्या कोर्टाच्या आदेशासाठी, अर्ज करावा लागतो. अंतरिम आदेश बहुधा सुनावणीविना मिळतो. तो २१ दिवसांत देणेकऱ्यावर बजावायचा असतो आणि बजावल्यापासून त्याला हरकतीसाठी २८ दिवस मिळतात. अंतिम आदेशाची वाट न पाहता आम्ही लगेच लँड रजिस्ट्रीकडे (घर-जमिनीच्या मालकीची नोंद ठेवणारे सरकारी कार्यालय) नोंदीचा अर्ज करतो, कारण मधल्या काळात घर विकले गेले तर आपल्या हाती कागद तेवढा उरतो.

घर एकट्याच्या नावावर असल्यास नोंद भक्कम असते. पतिपत्नी दोघांचे घर आणि देणे एकाचेच असेल, तर आदेश फक्त त्याच्या हिश्श्यावर चढतो आणि रजिस्टरवर ‘फॉर्म के’ रिस्ट्रिक्शन लागते. विक्रीची नोंद होण्यापूर्वी आपल्याला लेखी कळवले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ. विक्री त्याने थांबत नाही आणि पैसेही आपोआप आपल्याकडे येत नाहीत, म्हणून असे पत्र आल्यास ते त्याच दिवशी आमच्याकडे पाठवावे.

घर विकायला लावण्यासाठी वेगळा दावा लागतो, आणि सामाईक घरात राहणाऱ्या मुलांचे हितही त्यात पाहिले जाते. त्यामुळे बहुतेकांना वाट पाहणेच भाग पडते. काउंटी कोर्टाचा निकाल ५,००० पौंड किंवा त्याहून अधिक रकमेचा असल्यास साधारणपणे द.सा. ८ टक्के व्याज चालू राहते, म्हणजे ६,४०० पौंडांवर वर्षाला ५१२. स्कॉटलंडची पद्धत वेगळी आहे.

पहिल्या भेटीला कोटेशन, बिले आणि देणेकऱ्याच्या घराचा पत्ता आणावा. आम्ही आधी रजिस्टरची प्रत काढतो. गहाण घेणाऱ्या बँकेचे नाव त्यात दिसते, बाकी किती ते दिसत नाही. तरी खरेदीच्या तारखेवरून आणि किमतीवरून अंदाज बांधता येतो, आणि बँकेचे फिटल्यावर आपल्यासाठी काही उरणार नाही असे दिसले तर तेही आम्ही दावा लावण्यापूर्वीच सांगतो.